फाइल उघडेपर्यंत

रजनीला जाऊन आठ दिवस झाले होते, आणि तिचा एकटीचा एकही धड फोटो घरात सापडत नव्हता.

तिची मुलगी भार्गवी दोन दिवस शोधत होती. कपाटातले अल्बम झाले, आईचा फोन झाला, बाबांचा फोन झाला. रजनी फोटोत असायची, पण नेमकं बटण दाबायच्या वेळी मागे वळून कोणाला तरी हाक मारायची. सव्वीस वर्षं प्राथमिक शाळेत शिकवलं होतं तिने. कोण रांगेत नाही आणि कोण मागे राहिलं, हे बघायची सवय गेलीच नव्हती. आधार कार्डावरचा एक फोटो होता. भार्गवीने तो हातात घेतला आणि पुन्हा पाकिटात ठेवून दिला.

"बाबा, रुचिरच्या लग्नाचे फोटो आले का?" तिने विचारलं. रुचिर म्हणजे रजनीचा भाचा. त्याचं लग्न तीन आठवड्यांपूर्वी इथे उज्जैनमध्येच झालं होतं. भार्गवीची मुलगी ईरा दहावीला, म्हणून भार्गवीला नागपूरहून लग्नाला येता आलं नव्हतं.

"माहीत नाही."

"मामाला विचारलं मी. अजून दिले नाहीत म्हणाला. टावर चौकाजवळ स्टुडिओ आहे, तुम्ही जाऊन पाहता का? तेराव्याला लावायचा तर फ्रेमवाल्याला दोन दिवस तरी द्यावे लागतील."

दत्तात्रय उठले. मुंडण केलेल्या डोक्यावर टोपी घातली आणि निघाले. गेल्या आठ दिवसांत कोणी काही सांगितलं की ते करायचे. सतरंजी उचला म्हटलं की उचलायचे, इथे सही करा म्हटलं की करायचे. जलसंसाधन विभागात चौतीस वर्षं हेडक्लार्की केलेला हा माणूस. कागद आला की पुढे सरकवायचा, हे अंगात मुरलेलं होतं. रडू आलं नव्हतं. येईल असं सगळे म्हणत होते, त्यांचे जुने मित्र विष्णूपंत तर रोज संध्याकाळी येऊन त्याची वाट बघत बसायचे. पण ते आलं नाही, आणि दत्तात्रयांना त्याचंही काही वाटत नव्हतं.

स्टुडिओ एका गल्लीत, साड्यांच्या दुकानाच्या मागे होता. आत एक तिशीतली बाई कॉम्प्युटरच्या दोन पडद्यांसमोर बसली होती. तिचं नाव अश्लेषा. फोटो तिचा नवरा प्रसाद काढायचा, पुढचं सगळं काम ती करायची. दत्तात्रय दाराशीच थांबले.

"सुतक आहे आम्हाला," ते म्हणाले. "बाहेरूनच विचारतो."

"मला चालतं काका. आत या ना."

त्यांनी काय हवं ते सांगितलं. अश्लेषाने हातातला माऊस सोडला. मग स्टूल ओढून आपल्या शेजारी ठेवलं.

"काका, एक सांगू का? त्या लग्नाचे फोटो अजून अडकलेत. त्या दिवशी मॅरेज गार्डनचा जनरेटर बंद पडला होता, आठवतं ना? पाऊण तास नुसत्या दिव्यांच्या झालरी पेटलेल्या होत्या. तेवढ्या उजेडात प्रसादने शूट केलं, तर सगळ्या फोटोंवर रवा पडला. असा बारीक बारीक, काळ्या जागी जास्त." तिने बोटांनी मीठ भुरभुरल्यासारखं करून दाखवलं. "तो रवा काढायचं सॉफ्टवेअर आहे माझ्याकडे. काढतं मस्त. पण तीस एमबीची फाइल दीडशे एमबी होऊन बसते. आणि हे मशीन जुनं. एक फोटो उघडायला अर्धा मिनट, जवळ आणून बघायचं तर आणखी अर्धा. जरा काही हलवलं की हँग. म्हणून तर रुचिरदादांचा रोज फोन येतो आणि मी रोज सांगते की कल देते."

"साधे फोटो नाहीत? आधीचे?"

"ते प्रसादच्या हार्ड डिस्कवर, आणि तो गेलाय मंदसौरला शूटसाठी. मंगळवारी येईल." तिने त्यांच्या टोपीकडे पाहिलं. "पण आपण बघू ना. टाइम लागेल, बस."

"मला घाई नाही," दत्तात्रय म्हणाले आणि बसले.

पडद्याच्या तळाशी छोट्या फोटोंची रांग आली. त्यात माणसं तांदळाएवढी दिसत होती.

"काकूंची साडी कोणती होती?"

दत्तात्रयांना सांगता येईना. ते रजनीबरोबर एकाच रिक्षातून गेले होते, एकाच रिक्षातून परत आले होते. त्यांनी भार्गवीला फोन लावला.

"मोरपंखी," भार्गवी म्हणाली. "जांभळा काठ. मला व्हिडिओ कॉलवर दाखवली होती."

मग दोघं मोरपंखी रंग शोधायला लागले. अश्लेषा एका फोटोवर क्लिक करायची. आधी सगळं पुसट, ओल्या हाताने पुसल्यासारखं. मध्ये एक छोटं चक्र फिरत राहायचं. मग डावीकडच्या वरच्या कोपऱ्यापासून एकेक चौकोन स्वच्छ होत यायचा. मांडवाचं कापड, मग फुलं, मग केस, मग तोंडं. एका फोटोत रजनी अक्षतांचं तबक घेऊन होती, पण तोंडासमोर कोणाचा तरी हात. एकात तिची पाठ. एकात नुसता जांभळा काठ, खांबाच्या बाजूने बाहेर आलेला. एकात चेहरा पूर्ण होता, पण डोळे मिटलेले.

"हा नको," अश्लेषा म्हणाली.

"नको."

दत्तात्रयांना तिथे बरं वाटत होतं. बरं म्हणजे काय, तर कोणी काही विचारत नव्हतं. ते चक्राकडे बघत होते. चक्र फिरत होतं तोवर काहीच करायचं नव्हतं. शेजारच्या दुकानातून साड्या झटकल्याचे आवाज येत होते. अश्लेषाने चहा मागवला. तो आला, आणि ते प्याले.

तासभर असाच गेला. मग वरमालेचा फोटो आला. समोर रुचिर मान वाकवून उभा, नवरी हात उंच करून. मागे गर्दी आणि गर्दीच्याही मागे भिंत. त्या भिंतीजवळ अश्लेषाला जांभळं काहीतरी दिसलं. तिने तेवढा भाग जवळ आणला. चक्र फिरायला लागलं.

आधी कूलर स्वच्छ झाला. मग भिंतीवरची झालर. मग प्लास्टिकची खुर्ची, खुर्चीवरची मोरपंखी साडी. चेहरा शेवटी आला.

रजनी खुर्चीत पुढे वाकून बसली होती. उजव्या हाताने डावा खांदा घट्ट धरलेला. डोळे मिटलेले, आणि खालचा ओठ दाताखाली. कपाळ झालरीच्या उजेडात ओलं दिसत होतं.

अश्लेषाने लगेच पुढच्या फोटोचं बटण दाबलं. पुन्हा दाबलं, तिसऱ्यांदा दाबलं. पडदा हलला नाही.

"हँग झालंय," ती म्हणाली. तिचा आवाज बदलला होता. "सॉरी काका. एक मिनट."

पण एक मिनिट झालं, दुसरं झालं, आणि फोटो तिथेच राहिला. न बघून जाणार कुठे? खोलीत दुसरं बघण्यासारखं काही नव्हतं. रजनीच्या खुर्चीशेजारी, हातभर अंतरावर, करड्या कोटातली एक पाठ होती. तो माणूस हातवारे करून कोणाशी तरी बोलत होता. ती पाठ कोणाची हे कळायला दत्तात्रयांना वेळ लागला. मग कोटाच्या उसवलेल्या कॉलरवरची शिवण दिसली. ती रजनीनेच त्या दिवशी दुपारी घाईत घातली होती, वेगळ्या रंगाच्या दोऱ्याने.

आठ दिवसांत दीडशेएक माणसं घरी येऊन गेली असतील. प्रत्येकाला दत्तात्रयांनी एकच सांगितलं होतं. काही त्रास नव्हता तिला. लग्नातून आलो, सगळं छान होतं. बारा दिवसांनी दुपारी चहा टाकायला उठली, आणि गेली. सांगून सांगून ते वाक्य गुळगुळीत झालं होतं.

पडदा हलला. पुढचा फोटो येऊ लागला.

"काका, मी हे सोडून पुढचे बघते," अश्लेषा म्हणाली. "जेवणाच्या वेळचे. लाइट आली होती तेव्हा."

"नाही. हाच जवळ आणा."

"काका, नको ना."

"आणा," ते म्हणाले. आवाज चढला नव्हता. ऑफिसात कोणाची फाइल मागवायचे तेवढाच होता.

प्रसादने वरमालेचे एकामागून एक फोटो काढले होते. प्रत्येकावर वेळ होती. पहिला आठ एकेचाळीसचा. दुसऱ्यात रजनी तशीच, फक्त मान भिंतीला टेकलेली. तिसऱ्यात तिचं तोंड थोडं उघडं. प्रत्येक फोटो आधी पुसट यायचा आणि चौकोनाचौकोनाने स्वच्छ व्हायचा, आणि तेवढा वेळ दत्तात्रय थांबायचे. ते बोलत होते कोणाशी? विष्णूपंतांशी. विष्णूपंतांच्या दुकानासमोर सिंहस्थासाठी रस्ता रुंद होणार होता, त्यात पुढची भिंत किती जाणार, यावर बोलणं चाललं होतं. अकरा फूट. ते आकड्यासकट आठवत होतं.

चौथ्या फोटोत केटरिंगचा एक माणूस रजनीपुढे पाण्याचा ग्लास धरून उभा होता. पाचव्यात ती पाणी पीत होती. करडी पाठ तशीच होती, तिथेच. सहाव्यात खुर्ची रिकामी. रजनी उभी राहिली होती, त्या पाठीमागे, एक हात उचलून, खांद्यावर ठेवायच्या बेतात.

सातव्यात दत्तात्रय वळलेले होते आणि ती हसत होती. आठ एकोणपन्नास.

ते हसणं त्यांना आठवलं. ती म्हणाली होती, "चला जेवून घेऊ, मग गर्दी होते." एवढंच म्हणाली होती. ते विष्णूपंतांना "येतो" म्हणून तिच्यामागे गेले होते. जेवले होते. तिने ताटात काय वाढून घेतलं होतं ते त्यांनी पाहिलं नव्हतं.

"आठ मिनिटं," ते म्हणाले.

अश्लेषाने पाण्याची बाटली त्यांच्याजवळ सरकवली. "मी हे फोटो आधीही पाहिले होते काका," ती हळू म्हणाली. "रवा काढायच्या आधी. तेव्हा मागे नुसता अंधार दिसत होता. कोणालाच दिसलं नसतं."

"मी तिथेच होतो," दत्तात्रय म्हणाले. "मला अंधार नव्हता."

ते पाणी प्याले. आता काहीतरी होईल असं त्यांना वाटलं, छातीत किंवा डोळ्यांत, पण काही झालं नाही.

"पुढचे बघू," ते म्हणाले. "फोटो तर लागेलच."

तो जेवणाच्या वेळचा निघाला. लाइट आलेली होती. रजनी एका लहान मुलीच्या ताटाकडे बघून बोलत होती, बहुधा हे संपव म्हणून सांगत होती. भुवया वर गेलेल्या, तोंडावर हसू. मागे वळलेली नव्हती. डाव्या बाजूला कोणाचं तरी कोपर आलं होतं, आणि चेहऱ्यावर पिवळट छटा होती.

"हा," दत्तात्रय म्हणाले.

अश्लेषाने कोपर काढायला घेतलं. ती माऊस ओढायची आणि हात मागे घेऊन बसायची. पडद्यावर काही नाही, काही नाही, आणि मग एकदम कोपराचा एक तुकडा नाहीसा. पिवळेपणा कमी करायला एक पट्टी सरकवली, ती अर्ध्या मिनिटाने सरकली, आणि जास्त सरकली. रजनी निळी दिसायला लागली. अश्लेषाने ते परत घेतलं. परत घ्यायलाही तेवढाच वेळ. ती चिडली नाही, नुसती वाट बघत राहिली. दत्तात्रयही शेजारी बसून राहिले. पाऊण तास लागला.

"डोळ्यांखालचं थोडं उजळ करू?"

"नको. जसं आहे तसं."

निघताना ते म्हणाले, "तो खुर्चीवरचा पण द्या."

"प्रिंट?" ती दचकली.

"नाही. फोनवर."

तिने माऊस पुन्हा हातात घेतला. मग म्हणाली, "लहान करून पाठवते. एवढा मोठा जाणार नाही."

*

घरी आले तेव्हा भार्गवी स्वयंपाकघरात डबे पुसत होती. रोज काहीतरी पुसत असायची. दत्तात्रयांनी आधी तिला जेवणाच्या वेळचा फोटो दाखवला. तिने तो बराच वेळ पाहिला.

"हाच," ती म्हणाली. "अशीच बोलायची ती."

मग त्यांनी दुसरा काढला आणि फोन तिच्या हातात दिला. काही सांगितलं नाही. तिने बघितलं, बोटांनी मोठा करून बघितलं, आणि खाली बसली.

"ती मागची पाठ माझी आहे," दत्तात्रय म्हणाले. "तिला तेव्हाच त्रास झाला होता. मला कळलं नाही."

"मला माहीत होतं, बाबा."

ते तिच्याकडे बघत राहिले.

"दुसऱ्या दिवशी फोन आला होता तिचा. म्हणाली, काल लग्नात जरा छातीत भरून आल्यासारखं झालं, खांदा दुखला, आता ठीक आहे. मी म्हटलं डॉक्टरकडे जा. म्हणाली, बाबांना सांगू नकोस, ते रात्रभर उशाशी बसून राहतील. रुचिरकडची पूजा होऊ दे, मग जाते." भार्गवीने हातातलं फडकं दुमडलं, पुन्हा दुमडलं. "मग ईराचे पेपर सुरू झाले. मी विचारलंच नाही परत. बारा दिवस रोज फोन करत होते आणि ईराच्या पेपरांबद्दलच बोलत होते."

"मला का नाही सांगितलंस? इथे आल्यावर?"

"तुम्ही बाहेर बसून सगळ्यांना सांगत होता, काही त्रास नव्हता, काही त्रास नव्हता. मी आत ऐकत होते. कशी सांगणार?"

दत्तात्रय तिच्यासमोर जमिनीवर बसले. गुडघा कडकड वाजला. बाप आणि मुलगी डब्यांच्या मधे बसून राहिली. बाहेर भाजीवाला ओरडत गेला. तिच्या खांद्यावर हात ठेवावा असं दत्तात्रयांना वाटलं. त्यांनी ठेवला, पण हात जड आणि परका होता, दुसऱ्या कोणाचा उचलून ठेवल्यासारखा. भार्गवीने तो काढला नाही.

"तू जेवलीस?" त्यांनी विचारलं.

"नाही."

दुपारची पोळी-भाजी झाकून ठेवलेली होती. ती दोघांनी तिथेच बसून खाल्ली, गरम न करता.

संध्याकाळी विष्णूपंत आले. रोजच्यासारखे बसले, आणि रोजच्यासारखे म्हणाले, "चला, तिला भोगावं तर नाही लागलं."

"लागलं," दत्तात्रय म्हणाले. "त्या लग्नात लागलं होतं. आपण अकरा फुटांचं बोलत होतो तेव्हा." आणि त्यांनी सगळं सांगितलं, फोटोतल्या वेळेसकट. विष्णूपंत ऐकत राहिले. नंतर त्यांनी चष्मा काढून पुसला आणि त्या दिवशी ते लवकर उठून गेले.

दहाव्याला सगळे नदीकाठच्या सिद्धवटावर पिंडदान करून आले. तेराव्याला फोटो पाटावर लागला, हार घातला. येणारे म्हणत होते, किती छान फोटो मिळाला, आता बोलेल असं वाटतं. दत्तात्रय मान हलवत होते. लोकांनी जेवावं म्हणून पंगतीत फिरत होते. कोणाच्या पानात काय कमी आहे ते बघत होते. त्यांना ते कधी जमायचं नाही. त्या दिवशीही नीट जमलं नाही, एकाला दोनदा कढी वाढली.

भार्गवीचं परतीचं तिकीट होतं. तिने ते दोन दिवस पुढे ढकललं. "उद्या तुम्हाला डॉक्टरकडे नेते," ती म्हणाली. "नाही म्हणू नका."

ते नाही म्हणाले नाहीत. माधव नगरातल्या एका दवाखान्यात सकाळी दोघं गेले. दत्तात्रयांना पलंगावर झोपवून छातीला तारा लावल्या, ईसीजीची पट्टी निघाली. डॉक्टर तरुण होते. पट्टीवरून बोट फिरवत त्यांनी विचारलं, "कोई तकलीफ?"

"नहीं," दत्तात्रय म्हणाले. शर्टाची बटणं लावत होते. वरचं बटण लागेना. भार्गवी खुर्चीच्या कडेला बसून डॉक्टरांकडे बघत होती, त्यांच्याकडे नाही.

त्यांनी बटण सोडून दिलं.

"सीढ़ी चढ़ने में सांस फूलती है," ते म्हणाले. "दो साल से. कभी-कभी बीच में रुकना पड़ता है."

भार्गवीने मान वळवली. तिला हे माहीत नव्हतं. रजनीलाही नव्हतं. जिन्याच्या मधल्या पायरीवर थांबून दोन वर्षं ते चपलेचा पट्टा ठीक करत असल्यासारखं दाखवत होते.

"पहले क्यों नहीं बताया?" डॉक्टरांनी विचारलं.

दत्तात्रयांनी वरचं बटण पुन्हा लावायला घेतलं. डॉक्टरांनी चिठ्ठीवर आणखी दोन तपासण्या लिहिल्या, एक आजची आणि एक सोमवारची. भार्गवीने चिठ्ठी घेतली, पर्समधून फोन काढला आणि बाहेर जाऊन नागपूरला लावला. काचेच्या दारातून तिची पाठ दिसत होती. ती तिकीट रद्द करायला सांगत होती.